डोलणाऱ्या माना

परीक्षा घेणें आणि परीक्षा देणें यांपैकीं पहिलें काम पुष्कळच सोपें आहे, ही गोष्ट ज्यांनीं दोन्ही कामें केलीं आहेत त्यांना सांगावयास नको. आम्हीं पहिलें काम एकतीस वर्षें केलें. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढें येत, तांबड्या शाईची लेखणी घेऊन आम्ही बसत असूं, आणि एकाद्या मुलानें न्यूटनचा तिसरा नियम उलटा लिहिलेला आढळला कीं तो शेजारच्या सहाध्यापकाला वाचून दाखवून दोघेहि मनमुराद हंसत असूं. त्या हंसण्यांत दुष्टावा नव्हता. परंतु त्या मुलाला तो नियम शिकविला कोणीं, हा प्रश्न आम्हां दोघांपैकीं कोणाच्याहि मनांत कधीं आला नाहीं. मुलाचें उत्तर बरोबर आलें तर आमचें शिकविणें चांगलें, आणि चुकलें तर मुलगा कच्चा, असा तो सोयीचा जमाखर्च होता. जमेची बाजू सगळी आपली आणि खर्चाची सगळी गिऱ्हाइकाची, अशी वही ठेवणाऱ्या दुकानदाराचें दिवाळें निघण्यास वेळ लागत नाहीं. अध्यापकाचें दिवाळें मात्र निघत नाहीं, कारण त्याचा हिशेब तपासणारा तो स्वतःच असतो.

आम्ही शिकवीत असूं पदार्थविज्ञान, एका जिल्ह्याच्या गांवच्या महाविद्यालयांत. आणि चांगले वक्ते म्हणून आमची तेथें थोडीशी प्रसिद्धि होती. विनय बाजूला ठेवून हें सांगणें भाग आहे, कारण पुढील सर्व हकीकत त्या प्रसिद्धीशीं निगडित आहे. गतिशास्त्राचा रुक्ष भागहि आम्ही अशा थाटानें सांगत असूं कीं वाणिज्य शाखेचीं मुलें दारांत येऊन उभीं राहात. व्याख्यान रंगलें कीं नाहीं हें ठरविण्याचें आमचें माप एकच होतें, तें म्हणजे समोरच्या माना. त्या डोलूं लागल्या कीं विषय समजला असें आम्ही समजत असूं. त्यांतहि तिसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला, एक मुलगा बसे. तालुक्याच्याहि पलीकडील एका खेड्यांतून आलेला, दहावीपर्यंत मराठींत शिकलेला, वहींत सुंदर अक्षर काढणारा. अवघड जागा आली कीं आम्हीं त्याच्याकडे पाहावें, त्यानें मान हालवावी, आणि आम्हीं फळा पुसून पुढें जावें, असा त्याचा आमचा जणूं करारच झाला होता. त्या मुलाविषयीं आणखी सांगावयाचें आहे. परंतु तें शेवटीं.

आमची ही समाधि भंगली ती वर्गांत नव्हे, तर घरीं. आणि तीहि क्रिकेटच्या निमित्तानें. आमचा एक भाचा शिक्षणासाठीं आमच्या घरीं राहात असे व आमच्याच महाविद्यालयांत जात असे. गतिशास्त्राच्या परीक्षेंत त्याला उत्तम गुण मिळाले होते, आणि त्या गुणांतील निदान अर्धे आपले आहेत अशी आमची खासगी समजूत होती. एके दिवशीं दूरदर्शनसंचावर सामना सुरू व्हावयाचा होता, आणि नाणेफेकीचें नाणें हवेंत उंच गेलेलें सावकाश गतीनें पुन्हां दाखविण्यांत येत होतें. आम्हीं सहज विचारलें, "सांग पाहूं, वर जात असतांना या नाण्यावर कोणकोणतीं बलें आहेत?"

"वरच्या बाजूला हाताचें बल आणि खालच्या बाजूला गुरुत्वाकर्षण," भाचा म्हणाला. "हाताचें बल हळूहळू संपत जातें. अगदीं वर गेल्यावर दोन्ही सारखीं होतात, म्हणून नाणें क्षणभर थांबतें. मग गुरुत्वाकर्षण जिंकतें आणि नाणें खालीं येतें."

"बरोबरच आहे कीं," त्याची मामी म्हणाली. "त्यांत विचारण्यासारखें काय आहे?"

बरोबर नाहीं, हेंच त्यांत विचारण्यासारखें होतें. नाणें हातांतून सुटलें कीं हाताचा व त्याचा संबंध संपला. हवेचा किरकोळ विरोध सोडून दिला तर त्यावर एकच बल उरतें, तें म्हणजे पृथ्वीची खालची ओढ. वर जातांना तीच, माथ्यावर तीच, खालीं येतांनाहि तीच. नाणें वर जातें तें त्याला अगोदर मिळालेल्या गतीमुळें. गति टिकण्यासाठीं बल लागत नाहीं, गति बदलण्यासाठीं लागतें. गतिशास्त्राचा सारा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, आणि हें वाक्य आम्हीं या मुलाला एक संपूर्ण वर्ष नाना प्रकारांनीं सांगितलें होतें. आम्हीं म्हटलें, "अरे, गेल्या वर्षीं असेंच उदाहरण तूं बरोबर सोडविलें होतेंस ना?"

"हो मामा," तो म्हणाला, "पण तें परीक्षेंतलें होतें. हें खरें नाणें आहे."

तो थट्टा करीत नव्हता. त्यानें पुन्हां सामन्याकडे तोंड वळविलें. त्या सामन्यांत कोण जिंकलें हें आम्हांला आज आठवत नाहीं.

आमच्या भाच्याची बाजू घ्यावयाची तर त्याची चूक थोर वंशांतील होती. कणादाच्या वैशेषिक दर्शनांत सुटलेल्या बाणाचा विचार आहे. धनुष्याच्या दोरीनें बाणाला पहिली गति मिळते. तिच्यापासून बाणामध्यें एक संस्कार उत्पन्न होतो व तो त्याला पुढें नेतो. आणि संस्कार सरला कीं गुरुत्वामुळें बाण पडतो. पॅरिसमध्यें चौदाव्या शतकांत बुरिदान या पंडितानें फेकलेल्या वस्तूच्या ठिकाणीं अशीच एक आंतून रेटणारी शक्ति मानिली होती. म्हणजे जें उत्तर आम्ही कच्चेपणाचें लक्षण समजून तांबड्या शाईनें खोडीत आलों, तें वस्तुतः विचार करणाऱ्या माणसाचें स्वाभाविक उत्तर होतें. मूल तें घेऊनच वर्गांत येतें. आमचीं सूत्रें त्यावर जाऊन बसतात, परीक्षेपुरतीं कामाला येतात, आणि परीक्षा संपतांच धुऊन जातात. खालचें मूळ उत्तर जसेंच्या तसें राहतें.

ही शंका घेऊन आम्ही वाचूं लागलों, तेव्हां कळलें कीं हाच धक्का आमच्याहून मोठ्या माणसांना फार पूर्वीं बसून गेला होता. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्य विद्यापीठांत हलून आणि हेस्टिनिस या दोघांनीं १९८५ सालीं आपली पाहणी प्रसिद्ध केली. गतीविषयीं साध्या भाषेंतील प्रश्न त्यांनीं विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या आधीं व नंतर विचारले. समजुतींत पडलेला फरक थोडा होता. आणि विशेष हें कीं निरनिराळ्या वळणाच्या अध्यापकांच्या वर्गांत तो जवळजवळ सारखाच थोडा होता. कोणी व्याख्यान उत्तम देई, कोणी प्रयोग दाखवी, कोणी उदाहरणें सोडवून घेई. मुलांच्या मनांतील गतिशास्त्राला त्याची फारशी दादच नव्हती. हें वाचतांना दारांत उभीं राहणारीं वाणिज्य शाखेचीं मुलें आमच्या डोळ्यांपुढें आलीं, आणि आम्हीं तें पान थोडें लगबगीनेंच उलटलें.

हार्वर्ड विद्यापीठांत एरिक माझुर हे पदार्थवैज्ञानिक १९८४ पासून शिकवीत होते. विद्यार्थी त्यांच्या अध्यापनावर खूष होते, आणि अवघड उदाहरणेंहि बरोबर सोडवीत होते. ॲरिझोनाची हकीकत त्यांच्या वाचनांत आली तेव्हां, आपल्या विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी, असें त्यांना वाटलें. खात्री करून घेण्यासाठीं त्यांनीं तेच प्रश्न आपल्या वर्गापुढें ठेविले. त्या वेळीं एका विद्यार्थिनीनें त्यांना विचारलें कीं, उत्तरें तुम्हीं शिकविल्याप्रमाणें लिहूं, कीं मला स्वतःला जसें वाटतें तसें लिहूं? आमच्या भाच्याचें 'खरें नाणें' तें हेंच. सातां समुद्रांपलीकडे, जगांतील अत्यंत नामांकित विद्यापीठांत, तोच प्रश्न त्याच निरागसपणें विचारला गेला होता. माझुर यांनीं पुढें विजेच्या मंडलांवर एकाच परीक्षेंत दोन प्रश्न घातले, एक किचकट गणिताचा आणि एक साध्या समजुतीचा. गणिताचा पुष्कळांना साधला. समजुतीचा त्या मानानें थोड्यांना.

येथपर्यंत हकीकत प्रत्येक प्रामाणिक शिक्षकाच्या आयुष्यांत केव्हां तरी घडणारी आहे. माझुर यांचें वैशिष्ट्य हें कीं ते हळहळून थांबले नाहींत. प्रयोगशाळेंत अनपेक्षित फळ आलें असतां पदार्थवैज्ञानिक जें करतो तेंच त्यांनीं आपल्या वर्गांत केलें. १९९१ पासून त्यांनीं व्याख्यानाची रीत बदलली. अध्यापकानें थोडा वेळ बोलावें. मग ज्याला सूत्राची नव्हे तर विचाराची गरज आहे असा प्रश्न टाकावा. प्रत्येकानें आपलें उत्तर आधीं एकट्यानें ठरवून कळवावें. मग शेजाऱ्याशीं वाद घालावा. आणि पुन्हां उत्तर द्यावें. ज्याला नुकतेंच समजलें आहे त्याला आपण कोठें अडलों होतों हें ताजें आठवत असतें. अध्यापक तें केव्हांच विसरून गेलेला असतो. या प्रयोगाचा दहा वर्षांचा अनुभव त्यांनीं व कॅथरीन क्राउच यांनीं २००१ सालीं आंकड्यांसह जाहीर केला. हेस्टिनिस व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं प्रश्नांची सुधारलेली यादी प्रसिद्ध केली होती. अशाच प्रश्नांच्या आधारें रिचर्ड हेक यांनीं ६२ वर्गांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचा हिशेब १९९८ सालीं मांडला. जेवढी प्रगति होण्यासारखी होती तिच्यापैकीं किती झाली, हें त्यांचें माप. नुसत्या व्याख्यानाच्या १४ वर्गांत ती सरासरीनें शेंकडा २३ झाली. विद्यार्थ्यांना विचार करावयास व बोलावयास लावणाऱ्या ४८ वर्गांत शेंकडा ४८. म्हणजे उत्तम पद्धतीनेंहि निम्मी मजल गांठत नव्हती, आणि आमच्या पद्धतीनें पाव मजलहि नव्हे.

वाचक म्हणतील कीं शिक्षणशास्त्राचे पंडित आहेतच. पदार्थविज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या अध्यापकानें या भानगडींत कां पडावें? याचें उत्तर असें कीं नाणें वर जातांना मुलाच्या मनांत काय चालतें, हा प्रश्न ज्याला नाण्याची गति ठाऊक आहे त्यालाच नीट विचारतां येतो. कार्नेगी प्रतिष्ठानाचे अर्नेस्ट बॉयर यांनीं १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं नवें शोधून काढणें एवढीच विद्वत्ता नव्हे. विखुरलेलें ज्ञान एकत्र जोडणें, त्याचा उपयोग करणें आणि तें शिकविणें हींहि विद्वत्तेचींच अंगें आहेत. ली शुलमन यांनीं १९९३ सालीं अध्यापकाच्या एकान्तवासाकडे लक्ष वेधलें. संशोधन करणारा मनुष्य जगभरच्या सहकाऱ्यांच्या संगतींत असतो. तोच वर्गाचें दार लावून शिकवूं लागला कीं अगदीं एकटा पडतो, आणि त्यानें काय केलें हें त्याच्याबरोबरच नाहींसें होतें. आणि जॉर्जटाउन विद्यापीठांतील साहित्याचे अध्यापक रँडी बास यांनीं १९९९ सालीं एका लहानशा गोष्टीवर बोट ठेविलें. 'तुमच्या संशोधनांत सध्यां काय अडचण आहे?' असें सहाध्यापकाला विचारलें तर तो खुलतो. 'तुमच्या शिकविण्यांत सध्यां काय अडचण आहे?' असें विचारलें तर त्याला आरोप झाल्यासारखा वाटतो.

हें अक्षरशः खरें आहे. आमच्या अध्यापककक्षांत पगार, बढत्या, वेळापत्रक, पाऊस, यांवर तासन् तास बोलणें होई; 'काल मी अमुक शिकविलें आणि तें कोणालाहि समजलें नाहीं' हें वाक्य एकतीस वर्षांत आमच्या कानांवर आलें नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं अध्यापकांच्या कामगिरीला गुणांक लावण्याची पद्धति आणली, तिच्यांत संशोधनाच्या रकान्यांत निबंध व पुस्तकें मोजलीं जात. अध्यापनाच्या रकान्यांतील सर्वांत मोठा वाटा होता तो, नेमलेल्या तासांपैकीं शेंकडा किती तास घेतले, याचा. ते तास कोणाच्या डोक्यांत शिरले कीं नाहींत, हें विचारण्याचें धैर्य त्या रकान्याला नव्हतें; आणि आम्हांला तरी कोठें होतें? तथापि हा विचार केवळ परदेशांतलाच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. विद्यार्थी विज्ञान कसें शिकतात याचें संशोधन मुंबईंतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांत १९७४ पासून चालत आलें आहे. आम्ही मुंबईला पुष्कळदां जात असूं. तें केंद्र पाहण्याचें कारण आम्हांला कधीं वाटलें नव्हतें, इतकेंच.

आमच्या मनावर सर्वांत अधिक परिणाम केला तो मात्र एका गणिताच्या अध्यापकाच्या हकीकतीनें. बर्कली येथील विद्यापीठांत १९७० नंतरच्या दशकांत यूरी ट्रीझमन यांना असें दिसून आलें कीं कलनशास्त्राच्या पहिल्या वर्षांत कृष्णवर्णी विद्यार्थी फार मोठ्या प्रमाणांत नापास होतात, आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले उतरतात. त्यांनीं सहाध्यापकांना कारणें विचारलीं. तीं सर्वांना ठाऊकच होतीं: शिकण्याची ओढ कमी, पूर्वतयारी कमी, घरचें पाठबळ कमी, मिळकत कमी. ट्रीझमन यांनीं हीं चारी कारणें तपासून पाहिलीं, आणि एकहि टिकलें नाहीं. तेव्हां दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थी निवडून दीड वर्ष ते त्यांच्या अभ्यासाच्या जागीं जाऊन राहिले. चिनी विद्यार्थी आधीं एकटे अभ्यास करीत आणि मग एकत्र जमून, जेवतां जेवतां, एकमेकांचीं उत्तरें तपासून पाहात. कृष्णवर्णी विद्यार्थी नेटानें पण एकएकटे अभ्यास करीत. आपण अडलों ती जागा सर्वांनाच अडते कीं आपल्यालाच, हें त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. मग ट्रीझमन यांनीं कच्च्या मुलांची शिकवणी काढली नाहीं. त्यांना एकत्र बसवून अधिक कठीण उदाहरणें दिलीं, आणि निकाल पालटला. आमच्या अध्यापककक्षांतहि तीच चार कारणें प्रचलित होतीं. पांचवें, मराठी माध्यम, हें आम्हीं पदरचें घातलें होतें. त्यांपैकीं एकहि आम्हीं कधीं तपासलें नव्हतें.

शेवटीं आम्हीं मनाचा हिय्या केला. वर्षाच्या पहिल्या तासाला नाण्याचा प्रश्न व तसेच आणखी कांहीं प्रश्न कागदावर विचारावयाचे, वर्षाच्या अखेरीस तेच पुन्हां विचारावयाचे, आणि मध्यंतरीं माझुर यांच्या रीतीनें चालावयाचें, असें ठरविलें. एका स्नेह्यानें त्याच्या तुकडींत आपल्या नेहमींच्या रीतीनें शिकवून तेच प्रश्न विचारण्याचें कबूल केलें. पहिल्या दिवसाचा आमचा अनुभव वाचकांना हंसवील. "शेजाऱ्याशीं चर्चा करा," असें म्हणतांच वर्गांत चिडीचूप झालें. हात वर करावयास सांगितलें तर सर्व माना पहिल्या बाकावरील हुषार मुलीकडे वळल्या, आणि तिचा हात वर गेल्यावर साठ हात वर गेले. दिवाळींत आकाशकंदिलासाठीं आणलेला रंगीत कागद घरीं उरला होता. त्याचे चौकोन कापून प्रत्येकाला चार रंग दिले व एकाच क्षणीं उत्तराचा रंग दाखवावयास सांगितलें. तेव्हां कोठें वर्गाचें खरें चित्र दिसलें: सगळा वर्ग रंगपंचमी! मग चर्चेला तोंड फुटलें तें इतकें कीं शेजारच्या वर्गांतून शिपाई निरोप घेऊन आला.

पुढें तक्रारीहि आल्या. 'सर हल्लीं शिकवीत नाहींत, मुलांकडूनच शिकवून घेतात,' असें एका पालकांनीं वरिष्ठांना सांगितलें. मुलेंहि कुरकुरत: "सर, पूर्वींसारखें बोला ना, तुम्ही बोलतां तेव्हां छान समजतें." या वाक्यानें आमचा निश्चय पुष्कळदां ढळला, कारण तें आमच्या अत्यंत दुबळ्या जागीं लागत असे. पुढें २०१९ सालीं हार्वर्डमधील एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हां आमचा जीव भांड्यांत पडला. तेथें एकच भाग कांहीं विद्यार्थ्यांना नामी व्याख्यानानें शिकविला आणि कांहींना स्वतः झगडावयास लावून. दुसऱ्या भागाच्या वेळीं गट उलटे केले. झगडलेल्यांना चाचणींत अधिक आलें. परंतु आपण अधिक शिकलों असें वाटलें तें व्याख्यान ऐकणाऱ्यांना. ओघवत्या बोलण्यानें समजल्याचें सुख मिळतें. समजणें ही निराळी वस्तु आहे, आणि ती होत असतांना फारशी सुखाची नसते.

आमच्या स्वतःच्या हिशेबाची फुशारकी मारण्यासारखी स्थिति नाहीं. वर्षाअखेर नाण्याच्या प्रश्नाला आमच्या तुकडींत बरोबर उत्तर देणारीं मुलें स्नेह्याच्या तुकडीपेक्षां स्पष्टपणें अधिक निघालीं. विद्यापीठाच्या परीक्षेंत मात्र दोन्ही तुकड्यांचे गुण जवळजवळ सारखेच आले. अभ्यासक्रमांतील शेवटचे दोन भाग आम्हांला घाईनें उरकावे लागले. कोणी असेंहि म्हणालें कीं मुलें म्हणजे प्रयोगशाळेंतील बेडूक नव्हेत. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. मुलांना आपण काय करीत आहों हें सांगावें, त्यांची संमति घ्यावी, त्यांचें नुकसान होऊं देऊं नये, हें खरेंच. परंतु त्यापूर्वींचीं इतकीं वर्षें आम्ही काय करीत होतों? तोहि प्रयोगच होता. फरक एवढाच कीं त्याची नोंद कोणीं ठेविली नव्हती.

याच सुमारास आम्हीं आणखी एक प्रघात पाडला. तास संपतांना प्रत्येकानें, नांव न घालतां, आज काय समजलें नाहीं तें चिठ्ठीवर दोन ओळींत लिहून एका पेटींत टाकावें. भाषा कोणतीहि चालेल. प्रथम पुष्कळशा चिठ्ठ्या कोऱ्याच निघत. एके दिवशीं एक चिठ्ठी मराठींत निघाली: 'सर, तुम्ही हंसवितां तेव्हां समजल्यासारखें वाटतें. वसतिगृहावर गेल्यावर कांहीं राहात नाहीं. पण तुम्हांला वाईट वाटेल म्हणून कोणी सांगत नाहीं.' आम्हीं ती चिठ्ठी उभ्यानेंच वाचली, आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगा आठवला.

तो आमच्या विषयांत दोनदां नापास झाला होता, आणि महाविद्यालय सोडून गेला होता. भाच्याच्या नाण्याच्याहि आधींची ही गोष्ट. दाखला मिळण्यापूर्वीं प्रयोगशाळेचें कांहीं देणें नाहीं अशी सही लागते. ती घेण्यासाठीं 'नो ड्यूज'चा कागद घेऊन तो आमच्याकडे आला. गांवीं वडिलांची पिठाची गिरणी होती, तेथें बसणार होता. सही करतां करतां आम्ही थोडें नाराजीनेंच म्हणालों, "अरे, तुला तर सगळें समजत होतें. मान हालवीत होतास."

"सर, तुम्ही माझ्याकडे पाहून थांबत होतां," तो म्हणाला. "मीं मान हालविली नसती तर सगळ्यांचा खोळंबा झाला असता."

आम्हीं सही केली. त्यानें वांकून नमस्कार केला आणि तो गेला. त्या वेळीं आम्हांला वाटलें कीं मुलगा भिडस्त आहे. आणि दुसऱ्या दिवशीं ती गोष्ट आम्ही विसरूनहि गेलों.

तीच गोष्ट चिठ्ठी वाचल्यानंतर मात्र विसरतां येईना. ज्या एका मानेवर आम्ही आपल्या शिकविण्याची परीक्षा ठरवीत होतों, ती मान शिष्टाचारानें हालत होती. आमच्या व्याख्यानाचा ओघ तुटूं नये म्हणून तो मुलगा रोज आपल्या पदरचें कांहीं देत होता, आणि तें आम्ही रोज घेत होतों. त्याला विचारावयास एक चिठ्ठी पुरली असती. माध्यम, पूर्वतयारी, घरची परिस्थिति, हीं सारीं कारणें त्याच्या बाबतींत आम्हांला तोंडपाठ होतीं. विचारलें मात्र कधीं नाहीं. पदार्थविज्ञानांत चुकलेला प्रयोग दुसऱ्या दिवशीं पुन्हां करतां येतो. तो मुलगा पुन्हां तिसऱ्या बाकावर येऊन बसणार नव्हता.

आतां आम्ही निवृत्त झालों आहों. चिठ्ठ्यांची पेटी आणि प्रश्नोत्तरांच्या वह्या आम्हीं त्या स्नेह्याच्या स्वाधीन केल्या. हल्लीं तोहि रंगीत कागद कापतो, आणि वर्षाअखेर काय बिघडलें तें येऊन सांगतो. अध्यापककक्षांत जें वाक्य आम्हीं कधीं ऐकलें नव्हतें, तें आमच्या ओसरीवर चहाबरोबर ऐकावयास मिळतें. गिरणीवाल्या मुलाला पत्र लिहावें असें अनेकदां मनांत येतें. त्याचा पत्ता महाविद्यालयाच्या दप्तरांत असेल. पण लिहावयाचें काय? क्षमा मागावी, तर तोच उलट म्हणेल, 'छे छे सर, तुम्ही फार छान शिकवीत होतां'. आणि पुन्हां एकदां आमच्यासाठीं मान हालवील.

एवढा फरक मात्र आमच्यांत झाला आहे कीं कोणी आमचें बोलणें ऐकून मान डोलावूं लागला कीं आम्ही मध्येंच थांबून त्याला विचारतों, "काय समजलें, सांग पाहूं." घरांतील मंडळी याला कंटाळलीं आहेत. भाचा आला म्हणजे तो आम्हांला ऐकूं येईल अशा बेतानें मामीला सांगतो, "मामापुढें मान हालवूं नकोस हं!"